वजा पट्टी : एका जिनिंगमधल्या बंद मॅक्रोचं प्रकरण

एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, पारोळ्याच्या खरेदी केंद्रावर डिसेंबरातल्या एका संध्याकाळी प्रिंटरमधून एक हिशेबपट्टी निघाली. तिच्या हिशेबाने कापूस आणलेल्या शेतकऱ्याला जिनिंगच्या शेठकडून काहीच घ्यायचं नव्हतं. उलट त्यानेच शेठला १,३१,०४७ रुपये द्यायचे होते. मी तिथे नव्हतो. वजनकाट्यावरच्या पोराने नंतर सांगितलं, की त्या बाबाने पट्टी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "कापूस बी मना, आनि पैसा बी मीच देऊ का?"

मी तेव्हा बामणोदकडच्या एका शेतात भरताच्या पार्टीत होतो. वांगी नुकतीच काटक्यांच्या जाळात टाकली होती आणि फोन वाजला. ज्या मॅक्रोने, म्हणजे हिशेबाच्या फायलीत बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, ती पट्टी छापली तो मी लिहिलेला होता. कम्पाइल करून, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या यंत्राच्या रूपात बदलून, फायलीच्या पोटात बसवून, कोणाला उघडता येऊ नये अशा बेताने. म्हणून हे प्रकरण लिहितोय. यात दोषी शोधायला लांब जावं लागत नाही.

मागणी काय होती

धरणगाव परिसरातली एक जिनिंग. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. स्वतःच्या आवारात खरेदी, शिवाय पारोळा, एरंडोल, चोपडा आणि शिरपूर इथे चार केंद्रं, आणि या सगळ्याभोवती खेडा खरेदी, म्हणजे गावोगाव जाऊन केलेली खरेदी. प्रत्येक केंद्रावर एक जुना संगणक, एक प्रिंटर, एक पोरगा. पैसे वाचवायचे म्हणून सगळीकडे फुकट मिळणारं लिब्रेऑफिस. यात कमीपणा काही नाही, त्यातलं कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखा हिशेबाचा तक्ता, हे काम आरामात पेलतं.

काम असं. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा मोजायच्या यंत्रावरचा आकडा, आणि त्या दिवशीचा भाव. यातून कट्टी, म्हणजे ओलाव्यापोटी वजनात केलेली कपात, वजा जाऊन पट्टी निघते. ओलावा मोजायची पद्धत शेतकऱ्यालाही पाठ आहे. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा धरून पूर्ण हमीभाव देतं, ८ ते १२ टक्क्यांत जेवढा जास्त तेवढी कपात करतं, आणि १२च्या वर कापूस घेत नाही. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. खासगी जिनिंगचं गणित वेगळं असतं. रोख लगेच, गाडी उभी राहत नाही, पण भाव कमी आणि कट्टी आपापली.

शेठची कट्टी अशी : ८ ते १० टक्क्यांपर्यंत टक्क्याला टक्का, १०च्या वर प्रत्येक टक्क्याला दीड. एक गाडी घेऊन पाहा. भरलेली ३,१८० किलो, रिकामी १,९४०, म्हणजे कापूस १,२४०. ओलावा ११. सरळ कपात केली तर ३ टक्के जातात आणि ७,००० भावाने ८४,१९६ रुपये होतात. शेठच्या कोष्टकाने साडेतीन टक्के जातात आणि ८३,७६२ होतात. गाडीमागे ४३४ रुपये. हंगामात किती गाड्या येतात ते शेठला माहीत, म्हणून ते कोष्टक त्यांना तिजोरीतल्या वस्तूसारखं वाटायचं.

त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, "फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली की दुसरीकडे जशीच्या तशी चालली पाहिजे, तिथे जाऊन काही बसवायला लागू नये." म्हणजे मॅक्रो फायलीतच हवा. दोन, "पोरांना आतला हिशेब दिसू नये आणि बदलता येऊ नये." म्हणजे मॅक्रो बंद हवा. या दोन वाक्यांचं भांडण मला त्या दिवशी दिसलं नाही. मुनीमकाकांना बहुतेक दिसलं असावं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, पण शेठपुढे बोलले नाहीत.

फायलीच्या पोटात काय असतं

कॅल्कची ओडीएस फाइल म्हणजे एक झिप, अनेक फायली एकत्र बांधलेलं गाठोडं. तिच्या नावाचं शेपूट बदलून उघडली की आत मजकुराची एक्सएमएल, शैलींची वेगळी, आणि मेटा-इन्फ नावाच्या फोल्डरात मॅनिफेस्ट, म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी. बेसिकमध्ये, म्हणजे ऑफिससोबत येणाऱ्या सोप्या भाषेत, लिहिलेला मॅक्रो असेल तर बेसिक नावाचं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक मॉड्यूलची एक एक्सएमएल. ती नोटपॅडमध्ये उघडते. मॅक्रो जसा लिहिला तसा अक्षरशः वाचता येतो. ऑफिस तो चालवायच्या वेळी मनातल्या मनात कम्पाइल करतं, फायलीत ठेवतं तो मूळ मजकूर.

पहिली आवृत्ती मी तशीच केली. सात-आठ दिवस सुरळीत चालली. मग शेठच्या भाच्याने, जो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, सुट्टीत येऊन ऑल्ट-एफ-११ ही मॅक्रो उघडायची कळ दाबली आणि मामांना त्यांचं कोष्टक स्क्रीनवर दाखवलं. त्या दिवसापासून मी शेठच्या नजरेत उघड्या दाराचा माणूस झालो.

बेसिकमध्येच यावर उपाय आहे, आणि बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. मॅक्रोची लायब्ररी पासवर्डने बंद करता येते. स्टँडर्ड नावाची जी लायब्ररी आपोआप मिळते तिला पासवर्ड लावता येत नाही, वेगळी बनवावी लागते. पासवर्ड लावून जतन केलं की ऑफिस त्या मॉड्यूलच्या दोन गोष्टी फायलीत ठेवतं : मूळ मजकूर कुलूपबंद, आणि शेजारी कम्पाइल केलेला बायनरी तुकडा. पासवर्ड माहीत नसलेल्याच्या संगणकावरही मॅक्रो चालतो तो या तुकड्यामुळे. मॉड्यूल फार मोठं असेल तर ऑफिस तक्रार करतं, की हे बायनरीत मावत नाही, पासवर्ड नसलेल्यांना चालवायचं असेल तर तुकडे करा. म्हणजे कम्पाइल केलेला मॅक्रो कागदात घालायची सोय मुळातच आहे, तीही फुकट आणि जावाशिवाय. (जावा ही प्रोग्रॅमिंगची वेगळी भाषा, तिचे प्रोग्रॅम चालायला संगणकावर जावा बसवलेलं लागतं.)

मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. कारण सांगतो, लाज वाटते तरी. याच जिनिंगसाठी काही वर्षांपूर्वी मी जावात एक बिलिंगचा प्रोग्रॅम केला होता. तो मागे पडला, पण त्यातला हिशेबाचा भाग तावून सुलाखून निघालेला होता. वाटलं, तोच क्लास, म्हणजे कोडचा तो तुकडा, उचलून जार (कम्पाइल केलेल्या जावाचं गाठोडं) करू आणि फायलीत घालू. कुलूपही पक्कं, कामही आयतं. शिवाय "जावाचा जार डॉक्युमेंटमध्ये एम्बेड केला" असं चार लोकांत सांगायला बरं वाटतं.

जार बसवण्याचा खटाटोप

लिब्रेऑफिसच्या खिडकीतून जावाचा मॅक्रो लिहिता येत नाही. बेसिकला संपादक आहे, जावाला नाही. बाहेर लिहायचा, बाहेर कम्पाइल करायचा आणि झिपमध्ये हाताने ठेवायचा. फंक्शन पब्लिक-स्टॅटिक हवं आणि त्याला पहिला पॅरामीटर स्क्रिप्ट-कॉन्टेक्स्ट मिळतो, ज्यातून उघडलेली फाइल हाती लागते. जार ठेवायचा तो स्क्रिप्ट्स या फोल्डरात, त्यात जावा, त्यात आपल्या लायब्ररीच्या नावाचं फोल्डर. शेजारी पार्सल-डिस्क्रिप्टर नावाची एक एक्सएमएल, जी ऑफिसला सांगते की कोणत्या जारमध्ये कोणतं फंक्शन आहे. आणि या सगळ्यांची नोंद मॅनिफेस्टच्या यादीत. नोंद करायची राहून गेली तर मॅक्रो सापडत नाही, किंवा फाइल बिघडल्याची बोंब होते.

माझा पहिला अख्खा दिवस गेला तो याहून किरकोळ गोष्टीत. ओडीएसच्या झिपमध्ये माइमटाइप नावाची एक ओळीची फाइल असते. ती सगळ्यात पहिली हवी आणि दाबलेली नको, जशीच्या तशी ठेवलेली हवी. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी मारून झिप केलं की ती कुठेही जाते, दाबली जाते, आणि वर आणखी एका फोल्डरात सगळं गुंडाळलं जातं. मग ऑफिस म्हणतं, फाइल खराब आहे, दुरुस्त करू? दुरुस्त केल्यावर आकडे परत येतात, जार गायब. शेवटी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी माइमटाइप आधी ठेवते आणि बाकीचं नंतर. ती स्क्रिप्ट अजून माझ्याकडे आहे. या सगळ्या उद्योगातून हाती राहिलेली तेवढी एकच कामाची वस्तू.

जिनिंगच्या ऑफिसात फाइल चालली. बटण दाबलं, पट्टी निघाली. शेठनी ऑल्ट-एफ-११ दाबून पाहिलं, काही दिसलं नाही, आणि चहा मागवला.

चार केंद्रं, चार तऱ्हा

मग फाइल व्हॉट्सअॅपवरून केंद्रांना गेली.

एरंडोलला जावाच नव्हतं. लिब्रेऑफिस जावाशिवाय उघडतं आणि बरंचसं चालतं, त्यामुळे तिथे ते आहे की नाही हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. चोपड्याला जावा होतं, पण ३२ बिटचं, आणि ऑफिस ६४ बिटचं. दोन्हींची जात एक असावी लागते. ऑफिसच्या सेटिंगमध्ये ते जावा दिसतच नव्हतं, आणि पोरगा फोनवर शपथेवर सांगत होता की आहे, मी बघतोय. दोघंही खरंच बोलत होते.

पारोळ्याला जावा आठ होतं. मी जार कम्पाइल केला होता जावा सतराने. प्रत्येक क्लास फायलीच्या सुरुवातीला आवृत्तीचा एक क्रमांक असतो. आठचा ५२, सतराचा ६१. जुनं जावा ६१ बघून सरळ नाही म्हणतं. उपाय साधा आहे : कम्पाइल करताना रिलीज आठ सांगायचं. पण तो उपाय सापडेपर्यंत पारोळ्याच्या पोराने दोन दिवस पट्ट्या हाताने लिहिल्या, आणि मुनीमकाकांच्या मते त्या दोन दिवसांचा हिशेब अख्ख्या हंगामात सगळ्यात चोख होता.

शिरपूरला सगळं पहिल्या झटक्यात चाललं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो सुरक्षेच्या चार पायऱ्या आहेत आणि मुळात ती 'उच्च'वर असते. उच्चवर असताना फाइल विश्वासाच्या ठरवून दिलेल्या फोल्डरात असेल, किंवा मॅक्रोवर विश्वासातली डिजिटल सही असेल, तरच तो चालतो. मी प्रत्येक केंद्रावर 'पट्टी' नावाचं फोल्डर विश्वासाच्या यादीत घातलं होतं. पण व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल उतरते डाउनलोड्समध्ये. पोरगा तिथूनच उघडणार. एरंडोल, चोपडा, पारोळा तिन्हीकडून फोन आले की बटण दाबलं तरी काही होत नाही. शिरपूरहून आला नाही, कारण तिथल्या मोबाइल दुकानातल्या एकाने कधीतरी सगळी सुरक्षा 'कमी'वर आणून ठेवली होती. त्या संगणकावर कुठूनही आलेल्या कोणत्याही कागदातला मॅक्रो न विचारता चालला असता. अशा कागदांतल्या मॅक्रोंतून पसरणारे संगणकाचे विषाणू १९९५ सालच्या 'कॉन्सेप्ट'पासून ओळखीचे आहेत, १९९९च्या 'मेलिसा' या विषाणूने तर जगभरच्या ईमेल यंत्रणा ठप्प केल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, ती यामुळेच. आणि आम्ही शिरपूरला दार सताड उघडं ठेवून बाकीच्यांना शिकवत होतो की तिथे बघा, कसं छान चालतं.

शेठना वाटायचं, हे सगळं फुकटच्या ऑफिसमुळे होतंय, एक्सेल घेतलं असतं तर झालं नसतं. तसं नाही. एक्सेलच्या एक्सएलएसएम फायलीत मॅक्रो व्हीबीए-प्रोजेक्ट नावाच्या एका बायनरी तुकड्यात राहतो, आणि त्या तुकड्यात दोन रूपं असतात : कम्पाइल केलेला पी-कोड आणि दाबून ठेवलेला मूळ मजकूर. एक्सेलची आवृत्ती जुळली तर पी-कोड वापरला जातो, नाही जुळली तर मूळ मजकुरातून पुन्हा कम्पाइल होतो. आता कोणी हुशारी करून मूळ मजकूर पुसला आणि नुसता पी-कोड ठेवला, तर दुसऱ्या आवृत्तीच्या एक्सेलमध्ये कम्पाइल करायला काही उरतच नाही. ही युक्ती घातक फायली बनवणारे करतात, कारण त्यांना तपासणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची असते. कापसाचा हिशेब करणाऱ्याने तिच्या वाटेला जायचं कारण नाही.

असो. आठवडाभरात चारही केंद्रं चालू झाली.

वजा पट्टी

आता डिसेंबरातल्या त्या संध्याकाळकडे. गर्दी होती, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. पोराने भरलेल्या गाडीचं वजन टाकलं ते "३१८० किलो" असं. आकड्यापुढे किलो हा शब्द. माणसाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, उलट नीटनेटकेपणा आहे.

पण कॅल्कच्या दृष्टीने तो आता आकडा राहिला नाही, मजकूर झाला. आणि जावातून (बेसिकमधूनही) मजकुराच्या खान्याची किंमत मागितली तर उत्तर येतं शून्य. चूक नाही, इशारा नाही, सरळ शून्य. माझ्या जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये वजन टाकायच्या चौकटीत अक्षर उमटायचंच नाही, म्हणून तिथे ही तपासणी मी कधी केली नव्हती. तावून सुलाखून निघालेला क्लास म्हणालो होतो ना, तो त्या घरात तावला होता. इथे घर बदललं होतं.

शून्यातून रिकाम्या गाडीचे १,९४० गेले. वजा १,९४० किलो कापूस. ओलावा ११, म्हणून त्यातून साडेतीन टक्के कट्टी. राहिले वजा १,८७२.१ किलो, भाव ७,०००. वजा १,३१,०४७ रुपये. मॅक्रोने इमानदारीने छापलं, खाली सहीची जागाही सोडली.

फोनवर मला पहिल्यांदा हसू आलं. मग जाळाजवळ उभं असतानाच डोक्यात दुसरी बाजू आली आणि हसू गेलं. वजा पट्टी शेतकरी लगेच पकडतो. पण "किलो" हा शब्द रिकाम्या गाडीच्या खान्यात पडला असता तर? मग ३,१८०तून शून्य गेलं असतं, गाडीच्या लोखंडासकट सगळं वजन कापूस म्हणून धरलं गेलं असतं, आणि पट्टी निघाली असती २,१४,८०९ रुपयांची. तिच्यात वजाचं चिन्ह नाही, काही खटकणारं नाही. रांगेच्या गडबडीत पैसे गेलेही असते. मुनीमकाकांनी त्या रात्री दोन वाजेपर्यंत चारही केंद्रांच्या पट्ट्या काटापट्टीशी, म्हणजे वजनकाट्याच्या पावत्यांशी, ताडून पाहिल्या. तसं एकदाही झालं नव्हतं. नशीब, दुसरं काय.

हाच हिशेब उघड्या खान्यांत, साध्या वजाबाकीच्या सूत्राने केला असता तर? "३१८० किलो" वजा १९४० असं सूत्र कॅल्कला दिलं की खान्यात ठळक चूक येते, रक्कम येतच नाही आणि पट्टी तिथेच अडते. जो भाग मी लपवला, तोच भाग लपवल्यामुळे मुका झाला होता.

स्वतःच्या घरात चोरून शिरणं

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करायला बसलो. दोन ओळींचं काम : खान्यात आकडा आहे की मजकूर ते आधी बघायचं. मूळ कोड उघडला, कम्पाइल केला, जुन्या पट्ट्यांवर चालवून पाहिला, आणि आकडे जुळेनात. दहा टक्क्यांवरची दीडपट कट्टी लागतच नव्हती.

हळूहळू आठवलं. शेठनी ती दीडपट नोव्हेंबरात वाढवून घेतली होती. मी त्या दिवशी जिनिंगच्याच ऑफिसात बसून पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत बदल केला, तिथेच जार बनवला, फायलीत घातला आणि निघालो. माझ्या लॅपटॉपवर त्याआधीची प्रत. पेन ड्राइव्ह कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. म्हणजे चालू असलेला खरा हिशेब जगात एकाच ठिकाणी होता : जारमध्ये, जार फायलीत, फाइल पोरांच्या संगणकांवर.

मग जे शेठच्या भाच्याने करू नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, ते मीच केलं. जार झिपमधून बाहेर काढला आणि सीएफआर नावाच्या, कम्पाइल केलेल्या जावाचा पुन्हा वाचता येणारा कोड करणाऱ्या, फुकट साधनाला दिला. दोन सेकंदांत सगळा जावा कोड समोर. कोष्टक आकड्यांसकट. आतल्या नावांच्या जागी काहीतरी भलतीच नावं, कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेले माझे शेरे अर्थातच नाहीत. १०च्या वर दीड असं दिसत होतं, पण एका ठिकाणी वजन आधी पूर्णांक करून मग कट्टी का लावली होती, ते शेऱ्यात लिहिलेलं होतं आणि शेरा गेला होता. शेवटी मुनीमकाकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, मीच सांगितलं होतं तुला. अर्ध्या किलोवरून भांडणं होतात म्हणून."

तर कम्पाइल करून फायलीत घातलेलं रहस्य कोणापासून राहिलं? ज्याला हवं त्याला दोन सेकंदांचं काम. ज्या पोराला गरजेच्या वेळी आत डोकवून चूक शोधता आली असती, त्याला तेवढं दार बंद. आणि मला स्वतःला माझ्याच घरात खिडकीतून शिरावं लागलं.

दुरुस्त जार तयार झाला, तेव्हा पुढचा प्रश्न : तो घालायचा कुठे? केंद्रावरची पोरं रोज नवी फाइल कशी करतात? कालची उघडतात, आकडे पुसतात, आजच्या तारखेने जतन करतात. म्हणजे डिसेंबरच्या त्या दिवसापर्यंत चार केंद्रांवर आणि ऑफिसात मिळून दोनशेच्या आसपास फायली होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात जारची स्वतंत्र प्रत. काहींत नोव्हेंबरच्या आधीची, काहींत नंतरची. चोपड्याच्या पोराने एकदा जुनीच फाइल उघडून पुढे चालवली होती, त्यामुळे तिथे चार दिवस जुनी कट्टी लागलेली निघाली. फायदा शेतकऱ्यांचा झाला, शेठचं तोंड उतरलं. शिवाय सीएच्या ऑफिसात ज्या फायली जायच्या त्या ते एक्सेलमध्ये उघडून एक्सएलएसएक्स म्हणून जतन करत. त्या प्रकारात कोणताच मॅक्रो राहत नाही. तशी एक फाइल फिरून एरंडोलला परत आली आणि पोरगा दिवसभर मेलेलं बटण दाबत बसला.

कॅलेंडरची पाठ

आता मी शेठना जे सांगायला गेलो ते सांगायचं मला धाडस होत नव्हतं, पण ते काम पारोळ्याच्याच पोराने सोपं करून ठेवलं होतं.

मी केंद्रावर गेलो तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर उलटं लावलेलं. पाठीवर पेन्सिलने लिहिलेलं : ९ - १, १० - २, ११ - साडेतीन, १२ - पाच. हे कुठून आणलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "पट्टीवर लिखेलच शे ना भाऊ." खरंच होतं. पट्टीवर निव्वळ वजन असतं, ओलावा असतो आणि कट्टीनंतरचं वजन असतं. चार वेगवेगळ्या ओलाव्याच्या पट्ट्या घेतल्या की सहावीतलं पोरगं कोष्टक काढू शकतं. आणि पट्टी तर शेतकऱ्याच्या हातात जाते, जायलाच हवी. म्हणजे शेठचं गुपित रोज शे-दीडशे प्रतींत छापून, सही करून, वाटलं जात होतं.

कॅलेंडरचा फोटो मी शेठना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुनीमकाका म्हणाले, "मालक, लोक विचारतात तेव्हा मी सांगतोच." हे मात्र मलाही नवीन होतं.

नवी फाइल संक्रांतीच्या आधी तयार झाली. तिच्यात मॅक्रो नाही. कट्टीचं कोष्टक एका वेगळ्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं. त्या पानाला पासवर्ड आहे, पण तो चुकून बोट लागू नये एवढ्यापुरता. हिशेब खान्यांतल्या सूत्रांनी होतो. वजनाच्या खान्यांना आकड्यांशिवाय काही घेऊ नका अशी अट घातली आहे, "किलो" लिहिलं की खाना स्वीकारतच नाही. भरलेल्यापेक्षा रिकामी गाडी जड निघाली तर रकमेच्या जागी लाल रंग येतो. पट्टीचा क्रमांक देणं आणि छपाई एवढंच मॅक्रोचं काम उरलं. तो बेसिकमध्ये लिहिला, उघडा, आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसला जोडायची पुरवणी, करून प्रत्येक संगणकावर एकदाच बसवला. बटण मॅक्रो कुठे शोधतं तो पत्ता 'डॉक्युमेंट'वरून 'अॅप्लिकेशन' केला. आता मॅक्रो संगणकापाशी राहतो आणि फाइल फक्त आकडे घेऊन फिरते.

शेठची पहिली अट यात मोडली, हे खरं. प्रत्येक केंद्रावर एकदा जावं लागलं. धरणगावहून चारही ठिकाणी फिरायला मला दोन दिवस लागले. आधीच्या व्यवस्थेने किती दिवस खाल्ले ते मी मोजलेले नाहीत, मुनीमकाकांनी मोजले आहेत, आणि माझं बिल चुकतं करताना त्यांनी तो आकडा कापला.

ती वजा पट्टी त्यांनी फाडली नाही. गल्ल्याच्या काचेखाली सरकवून ठेवली आहे, वर लाल पेनने लिहिलंय, 'येणे'.

शिरपूरची सुरक्षा मी 'उच्च'वर आणली, एक्स्टेन्शन बसवलं, नवी फाइल दिली. फेब्रुवारीत सहज गेलो तर पोरगा जुनीच फाइल चालवत होता. जार आतच, फोल्डर विश्वासाच्या यादीत, पट्ट्या धडाधड निघतायत. का, तर नव्या फायलीत पट्टीच्या डोक्यावर गणपतीचं चित्र नव्हतं. ते मी घालायचं विसरलो होतो.